शब्दाआधी वस्तू : बिशप कोमेनियस यांचे जीवन



आपल्या देशात ५ सप्टेंबर हा दिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. मध्य युरोपातील चेक प्रजासत्ताक व स्लोव्हाकिया या देशांत हा मान २८ मार्च या तारखेला आहे, कारण इ. स. १५९२ मध्ये त्या दिवशी यान आमोस कोमेन्स्की यांचा जन्म झाला. विद्वानांच्या लॅटिन भाषेत त्यांचे नाव कोमेनियस असे झाले व जग त्यांना त्याच नावाने ओळखते. बी. एड. चा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात भेटते आणि परीक्षा संपली की विसरले जाते. परंतु ज्याला आपण आज कृतीतून शिक्षण म्हणतो, म्हणजे हायस्कुलातील मुलामुलींनी वस्तू हाताळून, प्रयोग करून, प्रतिकृती बनवून, प्रसंग उभा करून शिकावे, त्या विचाराची पायाभरणी करणारा हा माणूस छळ सोसलेल्या एका लहानशा मंडळीचा पाळक व बिशप होता. त्यांचा हा विचार त्यांच्या विश्वासातूनच उगवला होता. म्हणून त्यांच्या जीवनाची ओळख आपण करून घ्यावी, असे वाटते.

मोराव्हिया हा चेक भूमीचा पूर्वेकडील प्रांत. त्याच्या आग्नेय टोकाला, उहेर्स्की ब्रोद या गावाच्या परिसरात यान यांचे बालपण गेले. त्यांचे घराणे 'बंधुसंघ' नावाच्या मंडळीचे होते. यान हुस या सुधारकाला १४१५ मध्ये जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या शिकवणीच्या निखाऱ्यांतून १४५७ मध्ये, म्हणजे मार्टिन लूथरच्या चळवळीआधी साठ वर्षे, ही मंडळी उदयास आली. संख्येने ती लहान होती, परंतु शाळा आणि छापखाना यांवर तिचा मोठा भर होता. याच मंडळीच्या पंडितांनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे चेक भाषांतर केले आणि ते क्रालिस या गावी सहा खंडांत छापले. कोमेनियस जन्मले तेव्हा त्या कामाचा अखेरचा टप्पा चालू होता.

यान बारा वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांचे छत्र हरपले. नातेवाइकांच्या घरी राहून त्यांनी थोडेफार शिक्षण घेतले. पण खऱ्या अर्थाने लॅटिन शाळेची पायरी ते चढले तेव्हा सोळा वर्षांचे झाले होते. प्रेरोव येथील ती शाळा बंधुसंघाचीच होती. तेथे असतानाच त्यांना आमोस हे दुसरे नाव मिळाले. तकोवा येथील मेंढपाळ संदेष्ट्याचे हे नाव त्यांनी पुढे आयुष्यभर वागवले.

वाचकहो, या उशिराचा परिणाम मोठा झाला. सहासात वर्षांच्या मुलाला जे शिकवले जाते ते त्याला मुकाट्याने सोसावे लागते; ते बरे की वाईट हे ठरवण्याचे त्याचे वय नसते. कोमेनियस मात्र मिसरूड फुटलेल्या वयात लहानग्यांच्या शेजारी बसून शब्दांची रूपे घोकीत होते. त्या काळी लॅटिन व्याकरणाचे नियमही लॅटिनमध्येच पाठ करावे लागत. जी भाषा शिकायची त्याच भाषेत तिचे नियम! अर्थ कळो न कळो, नियम म्हणून दाखवता आला नाही तर पाठीवर छडी बसे. वर्षेच्या वर्षे अशी जात, आणि शेवटी ज्याला घोड्याच्या खोगिराच्या प्रत्येक भागाचे लॅटिन नाव म्हणता येते, त्याला खोगीर कसे कसावे हे ठाऊक नाही, अशी स्थिती असे. हे सारे त्यांनी जाणत्या डोळ्यांनी पाहिले व ते त्यांच्या मनात खोल रुतले.

पुढे जर्मनीतील हेरबोर्न व हायडेलबर्ग येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. हेरबोर्न येथे आल्स्टेड नावाच्या व्यासंगी गुरूंनी सर्व विद्यांचा परस्परसंबंध कसा पाहावा हे त्यांना शिकवले. हायडेलबर्गला असताना या विद्यार्थ्याने गाठीचे पैसे मोडून कोपर्निकसच्या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित विकत घेतले. हे हस्तलिखित आजही पोलंडमध्ये जपून ठेवलेले आहे. १६१४ मध्ये ते मायदेशी परतले आणि प्रेरोवच्या त्याच शाळेत शिक्षक झाले. मुलांसाठी त्यांनी केलेले पहिले काम म्हणजे लॅटिन व्याकरण सोपे करून लिहिणे. १६१६ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १६१८ मध्ये फुल्नेक या गावी मंडळी व शाळा या दोन्हींची जबाबदारी त्यांच्यावर आली. विवाह झाला, घरात पाळणा हलला. त्यांच्या जीवनातील हीच काय ती स्वस्थ वर्षे होत.

८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळील पांढऱ्या टेकडीच्या लढाईत चेक प्रोटेस्टंट सरदारांचा पराभव झाला आणि बादशाही सत्तेने त्या देशातील सुधारक मंडळ्या निपटून काढण्याचे धोरण धरले. फुल्नेक लुटले गेले. पाळकांना पकडण्याचे हुकूम सुटले, तेव्हा कोमेनियस यांना घर सोडून लपावे लागले. १६२२ मध्ये महामारीत त्यांची पत्नी व दोन्ही बालके मृत्यू पावली. पुढच्या वर्षी त्यांचा ग्रंथसंग्रह गावच्या चौकात जाहीरपणे जाळण्यात आला. कागदावरची कमाई अग्नीच्या स्वाधीन होण्याची ही पहिली वेळ. ती शेवटची ठरणार नव्हती.

अशा अवस्थेत मनुष्य एक तर कडवट होतो, नाहीतर गप्प होतो. कोमेनियस लिहू लागले. एका सरदाराच्या जहागिरीत आश्रयाला असताना त्यांनी १६२३ मध्ये जगाची चक्रव्यूहासारखी गल्लीबोळे आणि अंतःकरणातील नंदनवन यांविषयी एक रूपककथा लिहिली. चेक साहित्यात ती आजही मानाने वाचली जाते. त्याच काळात त्यांनी तयार केलेला मोराव्हियाचा नकाशा १६२७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या भूमीवरून त्यांना हाकलले जात होते तिच्या नद्या, गावे व खाणी त्यांनी नेमक्या जागी मांडून ठेवल्या.

याच सुमारास एका गढीच्या ग्रंथालयात शिक्षणपद्धतीवरील एक जर्मन पुस्तक त्यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या मनाने एक निश्चय केला. आज ना उद्या देव आपल्याला मायदेशी परत नेईल. तेव्हा तेथील शाळा उद्ध्वस्त झालेल्या असतील, तर त्या पुन्हा कशा उभाराव्यात याची योजना आजच, आपल्या लोकांच्या भाषेत, लिहून ठेवावी. १६२८ च्या फेब्रुवारीत बर्फाच्छादित डोंगर ओलांडून ते आपल्या माणसांसह पोलंडमधील लेश्नो या गावी आले. पुन्हा त्यांनी आपल्या देशाचे तोंड पाहिले नाही. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्यांचे दुःख आपण स्तोत्रात वाचतो. या माणसाने ते दुःख बेचाळीस वर्षे भोगले. पण वीणा झाडाला टांगून ते बसले नाहीत. लेश्नो येथील हायस्कुलात ते शिकवू लागले आणि तेथेच त्यांनी शिक्षणशास्त्रावरील आपला मुख्य ग्रंथ प्रथम चेक भाषेत सिद्ध केला. पुढे 'डिडाक्टिका माग्ना', म्हणजे 'महान अध्यापनशास्त्र', या नावाने त्याचे लॅटिन रूप १६५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या ग्रंथात काय आहे, ते थोडक्यात पाहू. जन्मापासून चोवीस वर्षांपर्यंतच्या वयाचे त्यांनी सहासहा वर्षांचे चार भाग केले : पहिली सहा वर्षे आईच्या मांडीवरची शाळा, मग बारा वर्षांपर्यंत मातृभाषेची शाळा, बारा ते अठरा लॅटिन शाळा आणि त्यापुढे विद्यापीठ. मुलगा असो वा मुलगी, श्रीमंत असो वा गरीब, शिक्षण सर्वांसाठी. कारण सर्वच देवाच्या प्रतिरूपाने निर्माण झालेले आहेत. सतराव्या शतकात ही मागणी करणे म्हणजे केवढे धाडस होते, याचा विचार करावा.

यांतील तिसरा टप्पा, बारा ते अठरा वर्षांचा, म्हणजेच आपले हायस्कूल. त्याचे सहा वर्ग त्यांनी ज्या क्रमाने लावले तो क्रम पाहण्यासारखा आहे. व्याकरणानंतर लगेच निसर्गविज्ञान, मग गणित, मग नीतिशास्त्र. तर्कशास्त्र आणि वक्तृत्व अगदी शेवटी. त्या काळच्या शाळांत वक्तृत्व म्हणजे शिक्षणाचा कळस, आणि निसर्गाकडे पाहण्यास कोणाला वेळ नसे. कोमेनियस यांनी तो क्रम उलटवला. आधी वस्तू जाणा, मग तिच्याविषयी बोला. ज्याने काहीच पाहिलेले नाही त्याला सुंदर बोलायला शिकवणे म्हणजे रिकाम्या मडक्याला नक्षी काढणे होय, असे त्यांच्या विचाराचे सार आपल्या भाषेत सांगता येईल.

कौशल्ये कशी शिकवावीत यासंबंधी त्यांनी एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. त्यासाठी ते पंडितांकडे न जाता सुतार, लोहार व चित्रकार यांच्या कारखान्यांत गेले. कारागीर आपल्या उमेदवाराला नियमांवर व्याख्यान देत नाही; त्याच्या हातात हत्यार देतो, ते कसे धरायचे ते स्वतः धरून दाखवतो, समोर एक निर्दोष नमुना ठेवतो आणि काम करायला लावतो. चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्त करतो आणि त्या चुकीच्या निमित्ताने नियम सांगतो. हात बसेपर्यंत सराव चालू राहतो. शाळेनेही हीच रीत धरावी, असा कोमेनियस यांचा आग्रह. लिहिणे लिहूनच येते, गाणे गाऊनच येते, हिशेब हिशेब करूनच येतो.

आणि ज्या वस्तू वर्गात आणणे शक्य नाही त्यांचे काय? त्यासाठीही त्यांनी उपाय सुचवला आहे. शरीरशास्त्र शिकवायचे असेल तर हाडांचा सांगाडा घ्यावा. स्नायू, शिरा, हृदय, फुप्फुसे, आतडी ही कातड्याची शिवून, आत लोकर भरून, सांगाड्यावर जागच्या जागी बसवावीत, म्हणजे विद्यार्थी एकेक अवयव काढून पाहू शकतील. जवळपास पावणेचारशे वर्षांपूर्वीची ही सूचना आहे. तिला लागणारे साहित्य कोणत्याही गावच्या चर्मकाराकडे व शिंप्याकडे मिळण्यासारखे होते, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

१६३१ मध्ये लॅटिन शिकवण्याचे त्यांचे पुस्तक 'यानुआ', म्हणजे 'भाषांचे दार', प्रसिद्ध झाले आणि पोलंडच्या एका लहान गावातील हा निर्वासित शिक्षक युरोपभर प्रसिद्ध झाला. शंभर प्रकरणे, एक हजार वाक्ये आणि सुमारे आठ हजार शब्द. पण हे शब्द सुटे नव्हेत, तर सृष्टी, शरीर, शेती, घरबांधणी, राज्यकारभार व उपासना अशा विषयांनुसार गुंफलेले. अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. १६३२ मध्ये ते आपल्या मंडळीचे बिशप झाले. १६४१ मध्ये इंग्लंडमधील मित्रांनी त्यांना लंडनला बोलावून घेतले. परंतु तेथे यादवी युद्धाचे ढग जमले व पुढच्याच वर्षी त्यांना निघावे लागले. मग सहा वर्षे त्यांनी बाल्टिक समुद्राजवळील एल्बिंग येथे राहून स्वीडनच्या शाळांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली. स्वीडन युद्धात विजयी होईल व तहात आपल्या लोकांना मायदेशी परतण्याची मुभा मिळवून देईल, ही त्यामागील आशा होती. १६४८ मध्ये तह झाला, पण बंधुसंघाला त्यातून काही मिळाले नाही. त्याच वर्षी त्यांची दुसरी पत्नीही निवर्तली. परतीची वाट कायमची बंद झाली.

एवढे झाल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपला विचार वर्गात प्रत्यक्ष करून दाखवण्याचे काम अंगावर घेतले, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद पर्व वाटते. हंगेरीतील शारोशपाटक या गावी राकोत्सी घराण्याच्या विधवा राणीने व तिच्या तरुण पुत्राने त्यांना १६५० मध्ये बोलावले. कोमेनियस यांनी सात वर्गांच्या शाळेची योजना आखली. प्रत्येक वर्गाच्या भिंतींवर त्या वर्गाच्या विषयाची चित्रे व वचने असावीत, वर्गातील तास थोडे असावेत आणि मधे विश्रांती व खेळ असावेत, अशी ती योजना होती. पण अडचणी काही थोड्या नव्हत्या. शिक्षकांना जुनी सवय सुटेना. विद्यार्थी आळसावलेले होते. १६५२ मध्ये तो तरुण आश्रयदाता निधन पावला. सातांपैकी तीनच वर्ग उघडता आले.

याहून मोठी अडचण त्यांच्या स्वतःच्या पुस्तकातच होती. 'भाषांचे दार' हे पुस्तक घोकंपट्टी मोडण्यासाठी लिहिलेले; पण मुले आता तेच पुस्तक घोकू लागली. नियम पाठ करण्याऐवजी वाक्ये पाठ, एवढाच काय तो फरक! शिक्षक असलेल्या वाचकांना हा अनुभव नवा नसेल. कितीही उत्तम पुस्तक द्या, त्याचे अखेर पाठांतर होते.

कोमेनियस यांनी याचे उत्तर दोन प्रकारे दिले. पहिले म्हणजे त्यांनी ते सबंध पुस्तक रंगभूमीवर चढवले. 'स्कोला लुडुस', म्हणजे 'शाळा हाच खेळ', या नावाची आठ नाटुकली त्यांनी रचली. एक राजा आपल्या विद्वान सल्लागारांसह बसला आहे आणि जगातील एकेक गोष्ट त्याच्यापुढे हजर होत आहे, अशी त्यांची मांडणी. पहिल्या नाटकात सृष्टी, दुसऱ्यात मनुष्यदेह, तिसऱ्यात हातांचे उद्योग, पुढे शाळा, विद्यापीठ, नीती, कुटुंब व नगर, आणि शेवटी राज्य व धर्म. विद्यार्थी शेतकरी, गवंडी आणि इतर कारागीर होऊन आपापली अवजारे घेऊन येत आणि आपण काय करतो हे लॅटिनमध्ये सांगत. वस्तू आणता आली तर वस्तू, नाही तर तिचे चित्र. शाळेच्या प्रमुखांना हा प्रकार प्रथम पसंत नव्हता. ख्रिस्ती शाळेत नाटके हे त्यांना शोभत नसे. पण १६५४ मध्ये पालक व गावकरी यांच्यासमोर प्रयोग झाले, तेव्हा जी मुले चार शब्द बोलताना अडखळत ती चारचौघांत उभी राहून बोलू लागली. कित्येक महिन्यांच्या पाठांतराने जे झाले नव्हते ते झाले.

दुसरे उत्तर म्हणजे 'ऑर्बिस पिक्टुस', अर्थात 'चित्रमय जग'. त्याची जुळवाजुळव त्यांनी शारोशपाटकलाच केली. लाकडी ठशांवर चित्रे कोरणारा कारागीर शेवटी जर्मनीतील नुरेनबर्ग शहरात मिळाला आणि १६५८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. सुमारे दीडशे पाठ, प्रत्येकाला एक चित्र. चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा आणि खालच्या मजकुरात त्याच आकड्याशेजारी तिचे नाव, लॅटिनमध्ये व मुलाच्या भाषेत. आज बालवाडीच्या भिंतीवर लावलेला सचित्र तक्ता हा त्याच कुळातला. परंतु मुलांनी नुसती चित्रे पाहावीत, यावर लेखक समाधानी नव्हते. मुलांनी ती चित्रे स्वतः काढावीत आणि जी वस्तू मिळेल ती शिक्षकांनी प्रत्यक्ष दाखवावी, असे प्रस्तावनेत त्यांनी सुचवले.

या पुस्तकाच्या आरंभी त्यांनी पवित्र शास्त्रातील कोणता उतारा घातला, हे जाणून आपल्याला विशेष आनंद होईल. तो उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील आहे : परमेश्वराने सर्व पशुपक्षी आदामापुढे आणले आणि आदामाने त्यांना नावे दिली. क्रम पाहा. आधी प्राणी समोर आला, मग त्याचे नाव उच्चारले गेले. कोमेनियस यांच्या दृष्टीने हाच जगातील पहिला वर्ग होता व त्यातील शिक्षक स्वतः देव होता.

शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्या मला या क्रमाची सत्यता पदोपदी जाणवते. मोहरीच्या दाण्याचा दाखला मराठी घरात वाचला की समजावून सांगावा लागत नाही. फोडणीच्या डब्यात तो दाणा रोज बोटांना लागतो. जैतुनाच्या झाडाचे तसे नाही. ते नाव आपण पिढ्यान् पिढ्या वाचत आलो, पण ज्याने ते झाड पाहिले नाही, त्याचे फळ चाखले नाही, त्याच्या मनात त्या नावाजागी एक पोकळीच राहते. भाषांतरकार शब्द देऊ शकतो. वस्तू देऊ शकत नाही. शाळा ती देऊ शकते.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १६५४ मध्ये कोमेनियस लेश्नोला परतले. लवकरच स्वीडनच्या सैन्याने पोलंडवर स्वारी केली. कोमेनियस यांनी स्वीडनच्या राजाची स्तुती करणारे लिखाण प्रसिद्ध केले. ज्या देशाने आसरा दिला त्याच्या शत्रूची बाजू घेतल्यासारखे ते झाले, आणि त्यांच्या चरित्रकारांनी त्याबद्दल त्यांना दोष दिला आहे. स्वयंघोषित संदेष्ट्यांच्या भाकितांवरही त्यांनी नको तितका विश्वास ठेवला. थोर माणसांच्या उणिवा झाकून आपण त्यांचा गौरव करीत नाही. एप्रिल १६५६ मध्ये लेश्नो जाळण्यात आले. त्यात कोमेनियस यांचे घर, ग्रंथ व बहुतेक हस्तलिखिते भस्म झाली. जमिनीखाली घाईघाईने पुरलेले काही कागद तेवढे नंतर हाती लागले. जे गेले त्यात चेक भाषेचा महाकोश होता. विद्यार्थिदशेत सुरू केलेले ते चव्वेचाळीस वर्षांचे काम होते. शब्दांच्या चिठ्ठ्या जमवण्यात ज्यांनी आयुष्य घालवले आहे त्यांना हे वाचून काय वाटेल, ते सांगायला नको.

जीवनाची अखेरची चौदा वर्षे त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये एका उदार कुटुंबाच्या आश्रयाने काढली. १६५७ मध्ये त्या नगराच्या साहाय्याने त्यांचे शिक्षणविषयक समग्र लेखन प्रसिद्ध झाले. मानवी व्यवहारांच्या सुधारणेविषयी सात भागांचा एक प्रचंड ग्रंथ त्यांनी हाती घेतला होता. शिक्षण पाळण्यापासून मृत्यूपर्यंत चालते, हा विचार त्याच्या चौथ्या भागात आहे. तो पूर्णपणे छापला जाण्याआधीच १५ नोव्हेंबर १६७० रोजी त्यांनी देह ठेवला. नार्डेन या गावच्या लहानशा चर्चमध्ये त्यांची कबर आहे.

त्या अपूर्ण ग्रंथाची हस्तलिखिते पुढे जर्मनीतील हाले येथे पोहोचली आणि तेथील अनाथाश्रमाच्या ग्रंथालयात इतकी दडून राहिली की १९३० च्या दशकात एका संशोधकाच्या ती दृष्टीस पडली. संपूर्ण ग्रंथ १९६६ मध्ये प्रागमध्ये छापला गेला. हाले हे नाव ऐकताच भारतीय ख्रिस्ती वाचकाचे कान टवकारले पाहिजेत. ऑगस्ट हेरमान फ्रांके यांनी तेथे अनाथाश्रमाभोवती उभारलेल्या शाळांत कोमेनियस यांच्या विचारांना मान होता. वरच्या वर्गांतील मुले मोकळ्या वेळात लाकूड कातण्याचे व काचा घासून भिंगे करण्याचे काम शिकत, आणि सृष्टीतील नमुन्यांचा एक संग्रह अभ्यासासाठी मांडलेला असे. हाले येथूनच बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगंबाडीला आले, आणि येथील मिशनऱ्यांनी पाठवलेल्या वस्तूंची त्या संग्रहात भर पडत गेली.

हाले येथेच शिकलेले श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरले. पुढे तंजावरच्या मराठी गादीचे वारस सरफोजी दुसरे हे त्यांच्या छायेखाली वाढले. १७९८ मध्ये गादीवर आल्यावर या मराठी राजाने नवविद्येच्या शाळा काढल्या, ग्रंथांबरोबर शास्त्रीय उपकरणेही जमवली आणि 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी स्त्री पृथ्वीवरील खंड, देश व नद्या यांचे वर्णन गात सांगते. शाळेचा विषय रंगमंचावर आणण्याची ही रीत शारोशपाटकच्या नाटकांची आठवण करून देते. भूगोल मराठीत, गाण्यात, रंगमंचावर! मराठी वाचकांनी याचा सार्थ अभिमान बाळगावा.

दुसरा धागा त्यांच्या मंडळीचा. कोमेनियस यांच्या मुलीचा मुलगा, दानिएल यब्लोन्स्की, याने बिशपपदाची परंपरा टिकवली आणि १७३५ मध्ये हेर्नहुट येथे नव्याने उभ्या राहिलेल्या मोराव्हियन मंडळीच्या पहिल्या बिशपाला दीक्षा दिली. याच मंडळीच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात लाहौल व लडाखच्या बर्फाळ दऱ्यांत चर्च व शाळा उभारल्या. लेह येथील मोराव्हियन शाळेत जाणारी मुले त्या निर्वासित बिशपाचे दूरचे वारसच होत.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांपैकी कित्येकांच्या हाती आजही हायस्कुले आहेत. त्यांपैकी एखादीच्या शाळासमितीवर आपण असाल, किंवा आपली मुले तेथे शिकत असतील. तेथे प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि ते कपाट वर्षातून किती वेळा उघडते, याची एकदा चौकशी करावी. प्रयोगवहीतील निरीक्षणे मुलाने स्वतः घेतलेली आहेत की मागील वर्षीच्या वहीतून उतरवलेली, हेही पाहावे. ज्या मुलाने परीक्षानळी हातात न धरता तिच्यात झालेला रंगबदल वहीत लिहिला, त्याला आपण विज्ञान शिकवले नाही; न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष द्यायला शिकवले. दहा आज्ञांपैकी एक आज्ञा याच विषयावर आहे. ख्रिस्ती शाळेला हा प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही, तो सत्याचा होतो.

पैसा नाही, ही सबब कोमेनियस यांच्यापुढे टिकणार नाही. त्यांचा देश गेला, घर गेले, दोनदा ग्रंथसंग्रह गेला. त्यांनी कातडे व लोकर यांपासून हृदय आणि फुप्फुसे करायला सांगितले. आपल्याजवळ परसातील माती आहे, चिंचेच्या बिया आहेत, सायकलचे चाक आहे, आरसा आहे, गावात सुतार आणि गवंडी आहेत. शनिवारचा एक तास त्या सुताराला वर्गात बोलावून काटकोन कसा साधतात हे मुलांकडून करवून घ्यावे. पायथागोरसचा सिद्धांत त्या दिवशी त्यांच्या बोटांना कळेल. इतिहासाच्या शिक्षिकेने ग्रामसभा वर्गात भरवावी, नववीच्या मुलींनी तिचे सरपंचपद भूषवावे. सुट्टीतील बायबल शाळेत निवासमंडपाची मापे फळ्यावर लिहून देण्यापेक्षा मैदानावर दोरीने आखावीत. हे सारे एका शिक्षकाच्या इच्छेवर आणि मुख्याध्यापकांच्या पाठिंब्यावर होऊ शकते.

प्रभू येशू नासरेथात सुताराच्या घरी वाढला आणि त्याने आपल्या शिष्यांना पेरणारा, जाळे व खमीर दाखवून स्वर्गाच्या राज्याविषयी शिकवले, हे आपण दर रविवारी ऐकतो. सोमवारी सकाळी शाळेची घंटा वाजल्यावर त्याच रीतीने चालण्यास आपल्याला कोणती हरकत आहे?